हलाल रोजी आणि नोकरी : बेळगाव-निपाणी भागातल्या आपल्या मुलामुलींसाठी माहिती

आपल्या भागात आडनाव सांगितलं की धंदा कळतो. नदाफ आणि पिंजारी कापूस पिंजणारे, शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, बागवान फळभाजीचे, मणियार बांगड्यांचे, तांबोळी पानाचे, मोमीन विणकर, पटवेगार रेशमी दोऱ्या-गोंड्यांचे, नालबंद घोड्यांचे, अत्तार सुगंधाचे. १८८४ साली निघालेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येसुद्धा मुसलमानांची माहिती अशी धंदेवार दिलेली आहे. गावोगाव मुलाणी होता. हिंदू घरातलं बकरंही त्याच्याच हातून कापलं जायचं आणि त्याचं बलुतं त्याला मिळायचं.

या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट सारखी होती : वेळ स्वतःचा होता. अजान झाली की पिंजण बाजूला ठेवून उठायचं, रमजानात काम सकाळीच उरकायचं, जुम्म्याला दुकानाची एक फळी लावून मशिदीत जायचं. कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढे गाद्या फोमच्या झाल्या, तांब्या-पितळेची भांडी गेली तशी कलईगारांची भट्टीही विझली, आणि मुलं पगाराच्या कामाकडे वळली. नमाज, रोजा, दाढी, ओढणी हे नोकरीतले प्रश्न तेव्हापासूनचे आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच चित्र देशपातळीवर दिसतं. मुसलमानांत स्वतःचा धंदा करणारे इतरांपेक्षा जास्त आणि सरकारी नोकरीतला वाटा लोकसंख्येच्या मानाने बराच कमी.

मंडळाकडे मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न घेऊन येतात त्यांवरून ही माहिती लिहिली आहे. हा फतवा नव्हे. एखाद्या ठरावीक नोकरीबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना नेमकं काम काय आहे ते सविस्तर सांगून विचारावं. "बँकेत नोकरी चालेल का?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं.

काम कसलं आहे

दारूच्या बाबतीत संदिग्धता फारशी नाही. हदीसमध्ये दारू गाळणाऱ्यापासून ती वाहून नेणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे बारमधला वेटरच नव्हे, तर बाटल्यांचे खोके पोचवणारा टेम्पो ड्रायव्हरही त्यात येतो. आपल्या मुलांपुढे हा प्रश्न बहुतेक वेळा चोर्ला घाट उतरल्यावर उभा राहतो. गोव्यात हॉटेलचं काम पटकन मिळतं. सुरुवातीला हाउसकीपिंग किंवा लाँड्री सांगतात, आणि डिसेंबरचा सीझन भरात आला की माणसं कमी पडतात म्हणून बारवर उभं करतात. त्यामुळे जाण्याआधीच विचारावं : सर्व्हिसला उभं राहावं लागेल का, आणि 'नाही' म्हटलं तर काम राहील का? ठेकेदार या प्रश्नाला हसतो. हसू द्यावं. घरापासून लांब, अंगावर उचल असताना 'नाही' म्हणणं फार अवघड जातं.

व्याजाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. व्याज घेणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि साक्षीदार, सगळ्यांवर सारखाच दोष हदीसने ठेवला आहे. म्हणून कर्जखात्यातला कारकून आणि बँकेचा वॉचमन यांच्यात पुष्कळ उलमा फरक करतात. कर्जाशी थेट संबंध नसलेलं काम, जसं की पहारा, साफसफाई, वीज आणि मशीनची दुरुस्ती, त्याला सवलत देणारे आहेत आणि न देणारेही आहेत. आपल्याकडे याचं खास रूप म्हणजे पिग्मी. रोजची छोटी बचत दारोदार जाऊन गोळा करण्याची ही पद्धत उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली आणि कर्नाटकभर पसरली. आज बेळगाव-निपाणीत सोसायट्यांची पिग्मी गोळा करणारी आपली मुलंही आहेत. भांडवल लागत नाही, वेळ स्वतःचा असतो, जुम्मा चुकत नाही. पण कमिशन ज्या पैशावर मिळतं तो पुढे व्याजाने कर्जाऊ जातो. काही जण तात्पुरतं म्हणून हे काम धरतात आणि दहा वर्षं त्यातच राहतात. तात्पुरतं असेल तर किती दिवस, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवलेलं बरं.

तंबाखूचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण निपाणी तंबाखूवर उभी राहिली. हे पीक आपल्या दख्खनला नवखंच. अकबराचा वकील असद बेग विजापूर दरबारातून परतताना तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला तो १६०४-०५ च्या सुमारास. चार इमामांच्या काळी तंबाखू मुसलमानांना माहीतच नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांचं थेट मत सापडत नाही. नंतरच्या उलमांमध्ये मुबाह, मकरूह आणि हराम अशी तिन्ही मतं आहेत. अलीकडे शरीराचं नुकसान सिद्ध झाल्यावर हराम म्हणणाऱ्यांची बाजू जड झाली आहे. पण निपाणीत जन्मलेल्या माणसाला हा वाद पुस्तकातला वाटतो. वखारीत काम करणारी आई, विड्या वळणारी मावशी, शेतात तंबाखू लावणारे चाचा, अशी घरं इथं सगळ्याच समाजांत आहेत. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन माणसं गेली. वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली तीही त्याच काळात, प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकाराने.

यातली एक समजूत आम्हाला खटकते. घरी बसून विडी वळण्याचं काम पडद्याला सोयीचं, नमाज चुकत नाही, म्हणून ते बाईमाणसाला 'योग्य' काम, असं आपल्यात सर्रास म्हटलं जातं. मजुरी हजार नगांवर, त्यात माल खराब म्हणून कापून घेतलेल्या विड्या वेगळ्या, आणि तंबाखूची धूळ त्याच खोलीत झोपणाऱ्या लेकरांच्या नाकात. नमाज वेळेवर होते एवढ्यावरून काम योग्य ठरत नाही. ज्यांना दुसरा इलाज नाही त्यांनी निदान हक्क सोडू नये. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी काम करणारी बाईही कामगार धरली होती आणि १९७७ पासून विडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंड लागू आहे. नाव सासूच्या किंवा जावेच्या कार्डावर चालवू नये. स्वतःच्या नावाची नोंद आणि ओळखपत्र करून घ्यावं.

वेळेचा प्रश्न

उद्यमबागेतल्या फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने इथे कामाच्या जातीबद्दल शंका नसते. प्रश्न असतो तो घड्याळाचा. पण जरा हिशेब केला तर तो वाटतो तेवढा मोठा नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि मध्ये निदान अर्धा तास सुट्टी, हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आला आहे. जनरल शिफ्टला जोहर बहुतेक त्या सुट्टीत बसते. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी असल्यामुळे असर उशिरा सुरू होते, आणि पाच-साडेपाचला सुटणाऱ्याला ती घरी किंवा वाटेत मिळते. खरी अडचण मगरिबची. बेळगावात हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि मे-जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वेळ तासाभराचाच असतो. दुसऱ्या पाळीतल्या माणसाने तेवढी दहा मिनिटं चहाच्या सुट्टीला जोडून मागावीत. चहाला आणि सिगारेटला तेवढा वेळ बहुतेक ठिकाणी जातोच, हे सुपरवायझरलाही माहीत असतं.

जुम्म्याबद्दल आपल्याच मुलांचा गैरसमज असतो. शुक्रवार हा सुट्टीचा दिवस नाही. अजान झाल्यावर व्यवहार थांबवावा आणि नमाज आटोपल्यावर पुन्हा रोजी शोधायला पांगावं, असंच कुराणात सांगितलं आहे. तेव्हा मागायची ती सुट्टी नव्हे, जाऊन-येऊन चाळीस-पन्नास मिनिटं. ती शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीला जोडून मागावी आणि संध्याकाळी भरून द्यावी.

मागायची कशी? पहिल्या मुलाखतीत पगाराच्या आधी हा विषय काढू नये, आणि रुजू झाल्यावर महिनाभर गुपचूप गायबही होऊ नये. नोकरी पक्की झाली, कामाचे तास सांगितले गेले, की त्याच बैठकीत साध्या शब्दांत सांगावं : "साहेब, शुक्रवारी दीड तास नको, पाऊण तास लागेल. तेवढा वेळ मी सहानंतर थांबतो. बाकी दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझं होतं." आमचा अनुभव असा की ठराविक मिनिटं सांगितली की मालकाची शंका जाते. 'नमाजला सोडा' एवढंच म्हटलं की त्याला पाच वेळा मशीन बंद पडलेलं दिसतं.

रमजानात फौंड्रीचं काम वेगळं समजावं. रस ओतायच्या भट्टीपुढे उभं राहून रोजा धरणं ही सहज होणारी गोष्ट नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे पूर्वी मे-जूनमध्ये आलेला महिना आता थंडीकडे गेला आहे आणि सध्याची वर्षं त्या मानाने सोपी आहेत. तरीही महिनाभर मोल्डिंग किंवा फेटलिंगला बदली मिळते का, पहिली पाळी मिळते का, हे शाबानमध्येच विचारून ठेवावं. भट्टीजवळ चक्कर आली तर धोका एकट्याचा नसतो.

दाढी, ओढणी आणि वर्दी

इथे मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण अपुऱ्या माहितीवर मुलं वर्षं घालवतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे सैन्याची ओढ आपल्याही मुलांना आहे, आणि ती आजची नाही. पहिल्या महायुद्धाआधी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या स्वतंत्र कंपन्या होत्या. पण दाढीबाबत नियम कडक आहे. हवाई दलातल्या एका मुसलमान जवानाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाची बाजू मान्य केली. महाराष्ट्र राज्य राखीव दलातल्या एका शिपायाला २०१७ साली कोर्टाने सहानुभूतीने परतायची वाट देऊ केली होती, पण नेहमीसाठी दाढी ठेवायची परवानगी त्यात नव्हती आणि त्याने ती वाट घेतली नाही. ज्याला दाढी ठेवायचीच आहे त्याने वर्दीच्या भरतीसाठी दोन-तीन वर्षं धावू नये. सैन्यात धर्मगुरूच्या जागा असतात, त्यांत मौलवींचीही भरती निघते. आलिमचं शिक्षण घेतलेल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

ओढणीबाबत, २०२२ सालचा कर्नाटकातला वाद शाळा-कॉलेजच्या गणवेशाचा होता. १५ मार्चला हायकोर्टाने सरकारी आदेश उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तो नोकरीचा निकाल नव्हे, तरी पुष्कळ आस्थापना त्याच्या आडून 'चालणार नाही' सांगतात. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खाजगी मालकाला ते थेट लागू होत नाही. आडनाव पाहून फोन न येणं हेही घडतं, आणि त्याला आजघडीला कायद्याचा मोठा आधार नाही. मुलींनी नर्सिंगला जाताना ऑपरेशन थिएटरमध्ये कोपरापर्यंत हात उघडे ठेवून धुवावे लागतात, रात्रपाळी असते, या गोष्टी प्रवेशाआधी घरच्यांशी बोलून घ्याव्यात. शेवटच्या वर्षात शिक्षण सुटलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

दाखले, भाषा आणि सीमा

सरकारी भरतीत आपल्या मुलांना नमाजपेक्षा कन्नडचा पेपरच जास्त आडवा येतो. घरात दख्खनी, गल्लीत मराठी, शाळा मराठी किंवा उर्दू, आणि कर्नाटकच्या भरतीत कन्नडची सक्तीची परीक्षा. तिची तयारी पदवीनंतर नव्हे, दहावीपासून करावी. उर्दू माध्यमाच्या सरकारी शाळांत शिक्षकाच्या जागा असतात. त्यासाठी डी.एड. किंवा बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते.

जातीचा दाखला काढताना बहुतेक जण सरसकट '२ ब' काढतात. त्यात मुसलमानांना ४ टक्के आरक्षण आहे. मार्च २०२३ मध्ये त्या वेळच्या सरकारने ते रद्द केलं होतं, पण सुप्रीम कोर्टात प्रकरण गेल्यावर अंमल थांबला. मात्र नदाफ, पिंजार, शिकलगार, नालबंद, अत्तार यांसारख्या समाजांची नोंद प्रवर्ग १ मध्ये आहे, आणि त्या प्रवर्गाला क्रीमी लेयरची अट नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असेल तर जुने कागद शोधावे लागतात : वडिलांच्या भावंडांचे दाखले, घराचे उतारे, जमातीचं रजिस्टर. तहसीलदार कचेरीत दोन-तीन खेपा होतात. त्या कराव्यात.

आणि महाराष्ट्राची वाटही आपल्याला बंद नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिथल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्यात 'मराठी भाषिक' म्हटलं आहे, धर्म विचारलेला नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली मराठी शाळेत शिकलेली आपली मुलं त्यात बसतात. पण कर्नाटकचा जातीचा दाखला तिथे तसाच चालेल असं धरू नये. आरक्षणाची अट प्रत्येक जाहिरातीत वेगळी वाचावी आणि वास्तव्याचा दाखला भरती निघायची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा.