पाठीवरचे दप्तर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. तथापि बिऱ्हाड पाठीवर असणे ही एक गोष्ट आणि कचेरी पाठीवर असणे ही दुसरी. पहिली आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. दुसरी मात्र आपल्याच काळाची कमाई आहे. सकाळी नवाच्या सुमारास बंगळूरच्या मॅजेस्टिक मेट्रो स्थानकात उभे राहावे. जिन्यांवरून माणसे नव्हे, पाठी चढत-उतरत आहेत असे वाटते, आणि बहुतेक पाठीवर एक काळी वा करडी पिशवी. या पिशवीला जगात काही म्हणोत, मराठी माणसाच्या तोंडी तिचा नैसर्गिक शब्द एकच येतो: दप्तर.

या शब्दाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत, म्हणून लिखाणालाही तेच नाव पडले. (घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या घटसर्पाचे डिफ्थेरिया हे पाश्चात्त्य नावही याच मुळातले.) पुढे तो शब्द फारसी-अरबीतून ‘दफ्तर’ होऊन आपल्याकडे आला आणि राज्यकारभाराच्या कागदांना चिकटला. हिंदी भाषेने त्याचा अर्थ कचेरी असा केला. मराठीने कागद, कागदांचा संग्रह आणि तो बांधण्याचे फडके या क्रमाने जात जात शेवटी तो शाळकरी पोराच्या खांद्यावर टाकला. म्हणून हिंदीभाषक गृहस्थ दफ्तराला जातो, तर मराठी मूल दप्तर घेऊन जाते. आज बंगळूरच्या मेट्रोत हे दोन्ही अर्थ एकाच पिशवीत भेटले आहेत.

मराठी दप्तर बंगळुरात प्रथम आले ते मात्र पाठीवरून नव्हे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून हे नगर घेतले आणि ते त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. पुढे सुमारे १६४२ साली बाल शिवाजीराजांची पुण्याकडे रवानगी झाली, तेव्हा शहाजीराजांनी बरोबर कारभारी मंडळी दिली. शामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस ही नावे परंपरेने सांगितली जातात. बंगळूरहून पुण्यास झालेली मराठी अधिकाऱ्यांची ही एक फार मोठी बदलीच म्हणावयाची! इतिहासकारांनी त्या प्रसंगातून स्वराज्याचा उगम शोधला तो यथार्थच आहे. परंतु आपल्यासारख्या बदलीच्या माणसाच्या मनात एक क्षुल्लक प्रश्न उभा राहतो. या मंडळींनी निघताना बरोबर काय घेतले असेल, आणि काय मागे ठेवले असेल?

त्यांची यादी आपल्यापाशी नाही. मात्र त्या काळची साधने ठाऊक आहेत. घोड्याच्या पाठीवर दोहो अंगांनी लोंबणारी खुर्जी, बैलावर गोणी, आणि पायी चालणाऱ्याच्या खांद्यावर पडशी. मधोमध तोंड आणि दोन बाजूंना दोन कप्पे अशी जी पडशी, तिलाच कानडी मुलखात हसुबे म्हणतात. एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. ओझे दोन्हीकडे सारखे. शरीराचा तोल सांभाळण्याची ही जाण कोणा शास्त्रज्ञाने दिलेली नव्हती. रोजच्या वाटचालीने दिलेली होती.

कागदांसाठी मात्र वेगळी व्यवस्था होती. मोडीत लिहिलेले कागद घडी घालून वा गुंडाळून पुडके बांधीत, आणि अशी पुडकी एका चौकोनी फडक्यात ठेवून चार टोकांची गाठ मारीत. हा रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आजही आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड संपादिले, ते अशाच रुमालांच्या गाठी सोडून. या रुमालाचा एक गुण माझ्या मते अद्याप कोणी पुरेसा वाखाणलेला नाही. रुमालाला रिकामी जागा नसते. आत जेवढे असेल तेवढाच तो होतो. दहा कागद असले तर तो दहा कागदांचा, शंभर असले तर शंभरांचा. आधी वस्तू, मग आवरण, असा त्याचा क्रम. आजची पिशवी नेमकी उलट वागते. तिचे माप आधी ठरलेले असते, आणि उरलेली जागा भरा, भरा, म्हणून ती मालकाला टोचणी लावीत राहते.

बंगळुरातील पुढची दप्तरेही अशीच बसूनच राहिली. तंजावरास राज्य थाटलेल्या व्यंकोजीने हे नगर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला ३ लाखांस देऊ केले. व्यवहार पुरा होण्यापूर्वी १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले, आणि अखेर त्याच्याकडून तेवढ्याच रकमेस ते म्हैसूरकरांच्या हाती गेले. याच चिक्कदेवराजाच्या नावावर म्हैसूरच्या दोन संस्था सांगतात: कारभाराची अठरा खाती आणि अंचे, म्हणजे टपाल. अंचेचा जासूद थैली घेऊन धावे आणि पुढच्या टप्प्यावर ती दुसऱ्याच्या स्वाधीन करी. ओझे कितीही महत्त्वाचे असो, एका माणसाने ते किती वेळ वाहावे याला टप्प्याची मर्यादा होती. ही अंचे १८८९ साली हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्यात विलीन झाली.

म्हैसूरच्या हिशेबांत कन्नडाच्या जोडीने मराठीची वहिवाट दीर्घकाळ होती, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. ती खाती प्रथम किल्ल्याजवळच्या टिपूच्या वाड्यात होती. १८६८ साली ती आज उच्च न्यायालय असलेल्या तांबड्या इमारतीत, म्हणजे अठरा कचेरीत, नेली. १९५६ साली समोरच विधानसौध उभे राहिले आणि सचिवालय रस्ता ओलांडून तेथे गेले. तीनशे वर्षांत राज्ये बदलली, इमारती बदलल्या. पण एक गोष्ट बदलली नाही. कागद नेणारे निराळे होते: बैल, उंट, जासूद, हमाल, पट्टेवाला. कागदांवर शेरा मारणाऱ्याची पाठ मोकळी होती. सायंकाळी दप्तर कचेरीत राही आणि अधिकारी छत्री नि जेवणाचा डबा घेऊन घरी जाई.

हे दप्तर पाठीवर चढले ते दोन वाटांनी. एक वाट शिपायाची. १९०८ साली ब्रिटिश पायदळाने चामड्याऐवजी विणलेल्या सुती पट्ट्यांचा सरंजाम स्वीकारला, आणि पाठीवरच्या पिशवीचा भार दोन्ही खांद्यांत वाटून देण्याची तजवीज झाली. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला. महायुद्धानंतर गिर्यारोहकांनी कॅन्व्हास टाकून हलके कापड घेतले, आणि तेथून ती पिशवी विद्यार्थ्यांपर्यंत उतरली. दुसरी वाट शाळेची. पाटी, दोन पुस्तके नि एक वही यांचे दप्तर पाहता पाहता एवढे फुगले की, म्हैसूरचे ख्यातनाम कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत १९८९ साली आपल्या पहिल्याच भाषणाचा विषय म्हणून मुलांच्या पाठीवरचे हे ओझे निवडले. त्यानंतर प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९९३ साली आला. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली, आणि केंद्राने २०२० च्या धोरणात, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये असे ठरविले.

मुलांची पाठ हलकी करण्याचा हा विचार चालू असतानाच मोठ्यांच्या पाठीवर ओझे चढत होते. १९८१ साली निघालेला ऑस्बोर्न हा ‘उचलून नेण्याजोगा’ संगणक सुमारे ११ किलोचा होता. तो उचलण्यापेक्षा कचेरीतच ठेवणे शहाणपणाचे. त्याच वर्षी पुण्यात इन्फोसिस ही कंपनी स्थापन झाली आणि १९८३ साली ती बंगळुरास आली. शहाजीराजांच्या काळी दप्तर बंगळूरहून पुण्यास गेले होते. साडेतीन शतकांनी ते जणू परत फिरले! पुढे संगणक दीड-दोन किलोवर आला, आणि तेथेच आपली मोकळी पाठ संपली. कागद आता कोठेही उघडता येतात. म्हणून ते कोठेही न्यावे लागतात.

मी बदलून बंगळुरास आलो त्या आठवड्यातच एक पिशवी घेतली. ती ४० लिटरांची होती. विक्रेत्याने जागा दाखविली आणि मी भुललो. प्रवासाला नि कचेरीला एकच होईल, असा काटकसरीचा विचारही मनात होता. दोन महिन्यांत मानेपासून कमरेपर्यंत एक कळ बसू लागली. वैद्यांनी औषध देण्यापूर्वी पिशवी काट्यावर ठेवावयास सांगितली. ती ९ किलो भरली. माझे वजन ६८. म्हणजे शाळकरी मुलासाठी जी मर्यादा सरकारने घातली, तीही मी ओलांडलेली. घरी येऊन सारे टेबलावर ओतले. संगणक, त्याची तार, दोन फायली, मागच्या बदलीच्या गावचा शिक्का मारलेली टिपणवही, तीन छत्र्यांपैकी एक, वाचावयाचे म्हणून वर्षभर हिंडविलेले जाडजूड पुस्तक, औषधे, आणि पाण्याची रिकामी बाटली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “कचेरीत कपाटे नाहीत का हो तुमच्या?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या महसुली कचेऱ्यांतील सहा गठ्ठा पद्धत आठवली. ज्यांनी महाराष्ट्रात नोकरीचा आरंभ केला त्यांनी ती हाताने केलेली आहे. टेबलावरच्या ढिगाचे मी तसेच गठ्ठे केले. आज निकालात काढावयाचे ते एका बाजूस: संगणक, चालू फाईल, डबा. ज्याची केवळ वाट पाहावयाची ते, म्हणजे ते पुस्तक, घरच्या फळीवर. ठरावीक दिवशीच लागणारे त्या दिवशीच न्यावयाचे. नित्य लागणारे, म्हणजे ओळखपत्र, लेखणी, चष्मा, एक गोळ्यांची पट्टी, हे स्थायी आदेशासारखे एका लहान कप्प्यात कायम. जुनी वही अभिलेखकक्षात. उरलेले सारे ‘ड’ वर्गातले. त्याची मुदत केव्हाच संपली होती. पहिला आणि स्थायी असे दोनच गठ्ठे मी एका जुन्या सुती रुमालात बांधून पाहिले. गाठ सहज बसली. वजन ४ किलोंच्या आत आले.

मग तोच रुमाल घेऊन मी दुकानात गेलो. ही युक्ती मी प्रत्येकास सुचवीन. रिकामी पिशवी आरशात शोभते. भरलेली पिशवीच खरे बोलते. २० ते २२ लिटरांच्या पिशवीत माझा सारा संसार मावला. आपले सामान आत घालून दहा मिनिटे दुकानात हिंडावे. खांद्याचे पट्टे रुंद नि भरीव असावेत आणि दोन्ही वापरावेत. एका खांद्यावर टाकण्याची ऐट पाठीला मानवत नाही. जड वस्तूचा कप्पा पाठीला लागून असावा. ओझे जितके पाठीपासून दूर, तितके ते मागे ओढते. संगणकाच्या कप्प्याचा तळ पिशवीच्या तळापासून थोडा वर असावा, म्हणजे ती जमिनीवर टेकताना आपटत नाही. पिशवीचा खालचा काठ कमरेखाली फार लोंबू नये. अस्तर फिकट असावे. काळ्या अस्तरात काळी तार शोधण्यात आयुष्य जाते. कापडाचे ‘डेनियर’ सांगतात ते ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, पण पिशवीही जड. दररोजच्या वाटेला कातळ लागत नाहीत, हे ध्यानात ठेवून निवड करावी. चेन दहादा उघडून-मिटून पाहावी, कारण पिशवी बहुधा तेथेच प्रथम दगा देते. आणि बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाऊस पूर्वसूचना देऊन येत नाही. तेव्हा वरून घालावयाचे आच्छादन हवेच. या गावात डोंगरभटक्यांसाठी माल करता करता मोठी झालेली वाइल्डक्राफ्टसारखी कंपनीही आहे आणि चिकपेटेत साधा कारागीरही आहे. पैसे कोठे मोजावेत हे ज्याने त्याने ठरवावे. माप मात्र दुकानदाराला ठरवू देऊ नये.

विधानसौधाच्या दर्शनी भागावर सरकारचे काम हे देवाचे काम अशा अर्थाचे कन्नड वाक्य कोरलेले आहे. वाक्य उदात्त आहे. परंतु देवाचे काम रात्रंदिवस पाठीवर घेऊन हिंडावे असे त्यात म्हटलेले नाही. मुलांच्या दप्तरासाठी शासननिर्णय निघाला. आपल्या दप्तरासाठी तो निघावयाचा नाही. तो आपला आपणच काढावयाचा आणि आपणच पाळावयाचा आहे.

माझी नवी पिशवी आता तीन वर्षांची झाली. दर रविवारी मी ती रिकामी करतो, आणि आत काय परत जाईल ते आधी रुमालात ठेवून पाहतो. गाठ बसत नसेल तर एक वस्तू बाहेर. लवकरच पुन्हा बदलीचा हुकूम यावयाचा आहे. चार्ज देण्याच्या यादीत या पिशवीचा उल्लेख असणार नाही. परंतु या खेपेस कचेरीतले सारे कचेरीतच राहील, एवढी तजवीज मी केली आहे.