समुद्र दिसणारं घर आणि त्याच्यापुढे पडणारा भराव

दक्षिण मुंबईत किंवा वरळीला 'सी-फेसिंग' टॉवरची जाहिरात बघा. ड्युप्लेक्स, डेक, प्रत्येक मजल्यावरून समुद्र. दर चौरस फुटाचा आहे, पण खरी किंमत खिडकीबाहेरच्या पाण्याची. आता या शहराचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. इथला 'सी फेस' निसर्गानं दिलेला नाही, तो सरकारनं भराव टाकून तयार केलाय. आणि तो पुन्हा पुन्हा पुढे सरकलाय.

सुरुवात १८६० च्या दशकात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आला. त्यातून बॅकबे बुजवायला कंपनी निघाली, शेअरचे भाव आकाशाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. हाती उरली एक चिंचोळी पट्टी. आजची पश्चिम रेल्वे तिथूनच जाते. म्हणजे तेव्हा मरीन लाइन्सची गाडी जवळजवळ पाण्याच्या कडेनं धावायची!

मग १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची योजना आली. आठ ब्लॉक भरायचे ठरले. पण समुद्रातून उपसून टाकलेला चिखल भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जायचा. खर्च फुगत गेला. खुर्शेद नरिमन यांनी हा घोळ चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. आठपैकी चारच ब्लॉक झाले.

त्या भरावावर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. साधारण एकाच उंचीच्या, गोलाकार बाल्कन्यांच्या. २०१८ मध्ये त्या युनेस्कोच्या यादीत गेल्या. सुंदर आहेत, वादच नाही. पण त्यांच्यासमोरचा समुद्र सार्वजनिक पैशानं आखलेला आहे, हेही तितकंच खरं.

स्वातंत्र्यानंतर उरलेल्या ब्लॉकांना हात लागला. नियतीचा खेळ बघा, त्यातल्या एका तुकड्याला नाव मिळालं नरिमन पॉइंट! आणि कफ परेडचं काय झालं? तिथले जुने व्हरांड्याचे बंगले समुद्राकडे तोंड करून होते. समोर भराव पडला, त्यावर वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि उंच इमारती आल्या. बंगल्यांचा समुद्र गेला तो गेलाच. ज्यांनी नवे फ्लॅट घेतले, त्यांना तो मिळाला.

बंगलेवाल्यांचा निदान देखावाच गेला. कोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी समुद्र हा व्ह्यू नाही, रोजीरोटी आहे. होड्या लावायची जागा, मासळी वाळवायची जागा, खडकावरचे कालव. भराव आधी हेच गिळतो. कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्यानं पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घेतलं, तेही वर्षानुवर्षं भांडून. बोटी सुखरूप बाहेर पडाव्यात, एवढंच मागणं होतं.

१९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची अधिसूचना आली. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं आली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. २०१९ मध्ये शहरी किनाऱ्यावरच्या बांधकामाला बरीच मोकळीक मिळाली.

आता मुद्दा. कोस्टल रोडसाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला. त्यावर निवासी किंवा व्यावसायिक बांधकाम होणार नाही, ही परवानगीतलीच अट आहे. तिथे बागा आणि मोकळी जागा हवी. ही अट कागदावरून हळूच सैल होत नाही ना, याकडे आपण लक्ष ठेवायला हवं. आज पहिल्या रांगेत कोट्यवधी मोजून बसलेल्यांनीसुद्धा. कफ परेडच्या बंगलेवाल्यांनाही आपला समुद्र कायमचाच वाटला असणार.