किमान खर्चाच्या वाटेचे गणित

जाळीतील प्रत्येक घराला ठरावीक खर्च दिलेला असताना, वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून केवळ उजवीकडे किंवा खाली सरकत खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सर्वांत कमी खर्चात कसे पोहोचावे, हा प्रश्न आज प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासात नेहमी विचारला जातो. त्याच्या उत्तरामागील विचार मात्र १९५० च्या दशकात, अमेरिकी वायुदलासाठी संशोधन करणाऱ्या सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये आकाराला आला. तेथील गणिती रिचर्ड बेलमन हे टप्प्याटप्प्याने घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचा अभ्यास करीत होते आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या पद्धतीची, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची, सविस्तर मांडणी केली.

सर्वोत्तम मार्गावरील कोणत्याही ठिकाणापासून पुढे उरलेला भाग हाही त्या ठिकाणापासूनचा सर्वोत्तम मार्गच असतो, कारण तसे नसते तर तेवढा भाग बदलून संपूर्ण मार्ग स्वस्त करता आला असता, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर हवे असताना बेलमन प्रत्येक घरापासूनचा उर्वरित खर्च विचारतात, आणि त्यांच्या विचाराचे खरे धाडस येथेच आहे. शेवटच्या घरापासून मागे येत, प्रत्येक घराचा स्वतःचा खर्च आणि उजवीकडील व खालील घरांच्या उर्वरित खर्चांपैकी लहान संख्या यांची बेरीज नोंदवली की काम संपते. २१ ओळी व २१ स्तंभांच्या जाळीत १३,७८४ कोटींहून अधिक मार्ग संभवतात, तर भरावयाची घरे अवघी ४४१ असतात.

जाळीत घरांना क्रम असतो. रस्त्यांनी परस्परांशी जोडलेल्या नगरांना तो नसतो, म्हणून एका नगराचा उर्वरित खर्च दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पुन्हा पहिल्यावर अवलंबून राहतो. १९५८ च्या एका निबंधात बेलमन यांनी ही अडचण क्रमिक सन्निकटनाने सोडवली: आरंभी अंदाजी खर्च धरावेत, शेजारच्या नगरांच्या अंदाजांवरून ते पुनःपुन्हा सुधारावेत, आणि अशा फेऱ्या नगरांच्या संख्येपेक्षा अधिक कराव्या लागत नाहीत. रँडमधीलच लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये याच्याशी जुळणारी रीत मांडली होती, म्हणून तिला बेलमन-फोर्ड असे जोडनाव मिळाले. ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी शोधून १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत सामान्यतः अधिक वेगवान असली, तरी तिला ऋण खर्च चालत नाहीत.

बेलमन यांच्या रीतीत प्रत्येक ठिकाणाला केवळ शेजाऱ्यांचे अंदाज ठाऊक असले तरी पुरते, आणि याच गुणामुळे १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या संगणक-जाळ्याने संदेशांचे मार्ग ठरवण्यासाठी तिचे विकेंद्रित रूप स्वीकारले. परंतु एखादा दुवा तुटल्याची वार्ता शेजाऱ्यांच्या जुन्या अंदाजांत अडकून सावकाश पसरे आणि संदेश मध्येच घिरट्या घालीत. अखेर १९७९ मध्ये आर्पानेटने ही पद्धत सोडली व प्रत्येक केंद्राने संपूर्ण जाळ्याचा नकाशा बाळगून डाइक्स्ट्रा यांच्या धर्तीवर मार्ग काढण्याची व्यवस्था अमलात आणली.