अल्बानिया : वॉर्सा करारातून नाटोत
अल्बानिया हा बाल्कनमधला मुस्लिमबहुल देश. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाने १९६७ साली मशिदी-चर्चना टाळे ठोकले आणि १९६८ मध्ये वॉर्सा करारही सोडला. हल्ल्याच्या धास्तीने गावोगावी, शेतातसुद्धा काँक्रीटचे हजारो बंकर बांधले. हल्ला काही झालाच नाही.

राजवट कोसळल्यावर देश १९९४ मध्ये नाटोच्या ‘शांततेसाठी भागीदारी’ कार्यक्रमात आला. पण १९९७ साली पैसे दुप्पट-तिप्पट करून देणाऱ्या साखळी योजना बुडाल्या, चिडलेल्या लोकांनी लष्कराची शस्त्रागारे लुटली आणि सैन्यच विस्कटले. दोनच वर्षांनी कोसोवोतून चार लाखांवर निर्वासित आले. या गरीब देशाने त्यांना आसरा दिला, कित्येकांना तर थेट स्वतःच्या घरात.

१ एप्रिल २००९ रोजी क्रोएशियासोबत सदस्यत्व मिळाले. कम्युनिस्ट काळातला कुचोवाचा विमानतळ २०२४ मध्ये नाटोचा तळ म्हणून पुन्हा सुरू झाला.