कापसाची गाठ, धुराचा हिशेब

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार त्यांच्या हस्ते सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात ते १९०५ साली आलं. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झालेला. म्हणजे बघा, वऱ्हाडातल्या बैलगाडीतून उतरलेला कापूस गाठीत बांधला जायचा, आगगाडीने मुंबईला, तिथून जहाजाने लँकेशायरच्या गिरणीत. आणि कापड होऊन कदाचित परत वऱ्हाडातच.

आता या गाठीला आपण आजचा प्रश्न विचारू. या प्रवासात जळलेला कोळसा कोणाच्या खात्यावर लिहायचा? १९९७च्या क्योटो करारातला हिशेब सोपा: धूर जिथे निघाला, त्या देशाच्या नावावर. दुसरा हिशेब उपभोगाचा: वस्तू शेवटी ज्याने वापरली, त्याच्या नावावर. राबायचं इथे आणि उपभोग तिथे, हा प्रश्न पैशाच्या बाबतीत दादाभाई नौरोजींनी कधीच मांडला होता. धुराच्या बाबतीत तो विचारायला बराच उशीर झाला.

त्याचं साधन मात्र जुनंच आहे. वासिली लिओंटिएफ यांनी १९३६ साली अर्थव्यवस्थेचं एक कोष्टक मांडलं: कोणतं क्षेत्र कोणाला किती माल विकतं. शर्टापासून मागे चालत जा: कापड, सूत, रुई, सरकी काढायची वीज, शेतातलं खत, खतासाठी जाळलेला वायू. प्रत्येक पायरीचा धूर शर्टाच्या अंगाला लागतो. प्रदूषण याच कोष्टकात कसं बसवायचं, हे त्यांनी १९७० साली दाखवलं. मेयोंच्या भेटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी! हा योगायोगच, पण आम्हाला तो आवडतो.

या हिशेबाने भारताचा आकडा थोडा उतरतो आणि ब्रिटनचा चढतो. इथवर आपण खूश. पण कोष्टकाच्या आत डोकावलं की अडचण दिसते. आपल्याकडे अशी कोष्टकं १९६८-६९ या वर्षापासून आहेत, आणि त्यांत कापसाला अख्ख्या देशासाठी एकच ओळ. पंजाबात पाणी देऊन पिकवलेला कापूस आणि मोताळ्याचा पावसावरचा कापूस, दोघांना एकच सरासरी. ज्याने मोटार चालवलीच नाही, त्याच्या बोंडालाही मोटारीची वीज चिकटते.

आज हा वाद अभ्यासकांचा वाटेल. पण युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा आयातीवर कर्बाचा आकार लावायला १ जानेवारी २०२६ पासून सुरुवात केली. कापड त्या यादीत नाही, अजून तरी. उद्या आलंच, आणि हिशेब सरासरीने झाला, तर भाव कोणाचा पडेल? एका क्विंटलमागे युरिया किती पडला, विहिरीतून पाणी किती उपसलं, हे दिल्लीच्या कोष्टकात नाही सापडणार. त्यासाठी मोताळ्याच्या बांधावरच जावं लागेल.