आवाजाची दाखल नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण हे दुखणं त्या एकट्याचं नाही. तिथल्या लोखंडी कपाटाच्या तळाच्या खणात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे, बुटांच्या दोन खोक्यांत सीडी भरून ठेवल्या होत्या. मोजल्या तर १४३ निघाल्या. व्याख्यानमाला, भजनं, स्नेहसंमेलनं, कविसंमेलनं. कुणी ना कुणी ध्वनिमुद्रित केलेली आणि 'असू द्या वाचनालयात' म्हणून आणून दिलेली. काहींवर 'कार्यक्रम' एवढंच लिहिलेलं. एकीवर 'कार्यक्रम २'. निम्म्याहून अधिक कोऱ्याच.

मला त्यातली एकच हवी होती. २००४ सालच्या कविसंमेलनात माझ्या एका मित्रानं गझला वाचल्या होत्या. प्राथमिक शिक्षक होता, लिहायचा मराठीत. संग्रह न काढताच गेला. घरी त्याच्या वह्या आहेत, फोटो आहेत, आवाज मात्र कुठंच नाही. त्याच्या मुलीनं मला विचारलं, "चाचा, अब्बांचा आवाज कुठं मिळेल हो?" म्हणून मी त्या खोक्यांपाशी गेलो.

पुस्तकाचं एक बरं असतं. उघडलं की नाव, लेखक, साल समोर येतं. आमचं नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. पुस्तकं नोंदवून ठेवण्याची सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण तबकडीला पहिलं पान नसतं. हातात धरून कितीही फिरवा, आत कोण बोलतंय ते कळत नाही.

ही अडचण आजची नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि त्या नोव्हेंबरात त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मेणाच्या मूळ तबकड्या बोटीनं जर्मनीत, हॅनोव्हरला जायच्या. तिथं साचा तयार होऊन लाखेच्या तबकड्या छापल्या जात आणि परत हिंदुस्थानात येत. हॅनोव्हरच्या कारागिराला गौहरजान कोण, मलकाजान कोण, काय ठाऊक? लेबलं बदलली तर सगळाच घोटाळा. त्यावर तोडगा निघाला तो असा, की गाणं संपता संपता गायिकेनं स्वतःच आपलं नाव सांगायचं. गौहरजान ते इंग्रजीत सांगायची, ठसक्यात. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, त्यातली काही क्षणं नावाला द्यायची. लोकांना वाटायचं, बाई मिरवतात. खरं तर ती दाखल नोंद होती, आवाजातच केलेली. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथंच छापल्या जाऊ लागल्या. पुढं नाव सांगण्याची पद्धतही मागं पडली.

आमच्या जिल्ह्याला ही युक्ती नवी नव्हती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात अभंगात आपली नाममुद्रा ठेवली. संगमनेरच्या अनंत फंदींनी आपलं नाव कवनात गुंफलं. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, तेही तेच. कागद हरवेल, लिहून घेणारा चुकेल, पण नाव कवितेच्या अंगातच असेल तर ते सहजासहजी गळत नाही.

लेबलावर विसंबण्याचे धोके पुढंही राहिलेच. घरंदाज म्हणवणाऱ्या गायक-गायिकांच्या नावापुढं 'अमॅच्युअर' असं छापलं जाई, म्हणजे हे पोटासाठी गात नाहीत. सारंगी, तबला वाजवणाऱ्यांचं तर बहुतेक लेबलांवर नावच नाही. म्हणून जाणकार संग्राहक लेबलाच्या कडेला तबकडीतच कोरलेला मूळ मुद्रणाचा क्रमांक आधी पाहतात. कागद बदलता येतो, कोरलेला आकडा नाही. १९९० साली मुंबईत या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. असे क्रमांक जुळवत, याद्या करत या मंडळींनी केवढा इतिहास वाचवला! त्यांच्यात पगारी ग्रंथपाल थोडेच होते.

नावांची वर्णानुक्रमे मांडणी हाही एक वेगळाच ताप. अब्दुल करीम खाँसाहेबांना कुठं ठेवाल? 'अ'मध्ये, 'क'मध्ये की 'ख'मध्ये? आडनावावर गेलात तर आमच्या भागातला अर्धा मुस्लिम समाज 'शेख' या एकाच खणात सापडेल. माझ्याच पुस्तकाची दोन कार्डं दोन अक्षरांखाली मी पाहिली आहेत.

आता आमची खोकी. सीडी बाजारात आली १९८२ साली आणि ती अमर आहे असा सगळ्यांचा समज झाला. पण घरी भरायच्या सीडीत मजकूर असतो तो रंगद्रव्याच्या थरावर, आणि ऊन, उष्णता, दमट हवा त्याला सोसत नाही. आपण जपतो खालची चकचकीत बाजू. नाजूक असते ती वरची, कारण परावर्तक थर तिथंच, पातळ लेपाखाली असतो. तिच्यावर बॉलपेननं दाबून लिहिलं किंवा कागद चिकटवून ओढून काढला की संपलंच. लाखेची जुनी तबकडी पडली तर फुटते, पण फुटल्याचं निदान दिसतं तरी. सीडी न सांगता जाते.

वाचनालयाच्या मदतनीस ताईंबरोबर मी पाच रविवार बसलो. साधी वही आखली. क्रमांक, पहिल्या मिनिटात काय ऐकू येतं, आवाज कुणाचा, तो कुणी ओळखला, प्रत कुठं ठेवली. प्रत्येक सीडीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक वाचनालयाबाहेर. सीडी आता सुट्या पाकिटांत, पुस्तकासारख्या उभ्या. जिथं 'अहमदनगर' लिहिलं होतं ते तसंच ठेवून शेजारी 'अहिल्यानगर' लिहिलं. नाव २०२४ मध्ये बदललं, ध्वनिमुद्रण त्याआधीचं. शोधणारा कुठल्याही नावानं येईल.

१४३ पैकी ६८ उघडल्या. आवाज ओळखायला गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. एका आजोबांनी खोकल्यावरून वक्ता ओळखला. काही आवाज कुणालाच ओळखता आले नाहीत. त्या रकान्यात ताईंनी शिसपेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घातलं, पुढं कुणी सांगितलं तर खोडता यावं म्हणून.

चौथ्या रविवारी एक कोरी सीडी लावली. खुर्च्यांचा आवाज, टाळ्या. सूत्रसंचालकानं नाव न घेता नुसतं 'आता आपले गुरुजी' म्हटलं. पुढचा आवाज खरखरीत, वेग कमी-जास्त होणारा. तोच आहे असं मला वाटलं, पण मला वाटावंसंच वाटत होतं, तेव्हा त्याला काय किंमत? दुसऱ्या गझलेत सीडी अडकली ती पुढं सरकलीच नाही. पण पहिली गझल पुरी झाली होती आणि तिच्या मक्त्यात त्याचं तखल्लुस होतं.

ताईंनी वहीत लिहिलं : क्रमांक ९१. कविसंमेलन, २००४. पहिली गझल पूर्ण, दुसरी अपूर्ण. आवाज कुणी ओळखला, या रकान्यापाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "लिहा, त्यानं स्वतःच सांगितला."