बूस्ट नियंत्रण, इलेक्ट्रॉनिक : बिघाड व निदान

टर्बोचार्जरने एंजिनात कोंबलेल्या हवेचा वाढीव दाब, म्हणजे बूस्ट, ईसीयू या संगणकाच्या आज्ञेने हवा तेवढाच राखणारी मोटारीतील यंत्रणा. ती बिघडली की गाडी पिकअप घेत नाही, चढावर दम टाकते, डिझेल गाडी काळा धूर सोडते किंवा ‘चेक इंजिन’ची खूण पेटून गाडी मर्यादित शक्तीवर (लिंप मोड) चालू लागते. अशा वेळी दोष बहुधा टर्बोवर ढकलला जातो. प्रत्यक्षात फाटलेला होज, अडकलेला सोलेनॉइड किंवा उंदराने कुरतडलेली वायर एवढ्यानेही हीच लक्षणे दिसतात. म्हणून ईसीयूने मागितलेला दाब आणि एंजिनाला मिळालेला दाब यांची तुलना हा निदानाचा पाया मानला जातो.

पूर्वपीठिका : टर्बोचार्जरचे मूळ पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना १९०५ मध्ये मिळाले. मोटारींत दाब आवरण्याचे काम पुढे बराच काळ केवळ स्प्रिंगच्या जोरावर चाले. साब या स्वीडिश कंपनीने १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रवासी मोटारीत आणले. महाराष्ट्रात चाकण येथे बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० (२०११) व फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) या गाड्यांत अनुक्रमे डिझेल व पेट्रोल टर्बो एंजिने होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांनंतर स्कॅनरशिवाय या यंत्रणेचे निदान जवळपास अशक्य झाले आहे.

रचना व कार्य : बूस्ट सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजतो आणि ईसीयू तो अपेक्षित दाबाशी ताडून पाहतो. फरक दिसल्यास सोलेनॉइड व्हॉल्व्हला जाणाऱ्या विद्युत स्पंदांची रुंदी बदलली जाते. सोलेनॉइड दाब किंवा निर्वात (व्हॅक्यूम) अ‍ॅक्चुएटरकडे वळवतो आणि अ‍ॅक्चुएटरचा दांडा वेस्टगेटची (टर्बाइन टाळून एक्झॉस्ट वायू सोडणाऱ्या वाटेची) झडप किंवा टर्बाइनभोवतीची फिरती पाती (व्हीजीटी) हलवतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत सोलेनॉइडऐवजी थेट विद्युत मोटारीचा अ‍ॅक्चुएटर असतो.

एकच दोष रचनेनुसार उलट लक्षणे दाखवू शकतो. दाबाने उघडणाऱ्या वेस्टगेटचा होज फाटला तर झडप बंदच राहते आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीचा होज फाटला तर पाती उघडी राहतात आणि बूस्ट भरतच नाही. त्यामुळे गाडीत कोणती रचना आहे हे आधी पाहावे लागते.

दोषसंकेत : स्कॅनरवरील पी०२९९ म्हणजे अपुरा बूस्ट व पी०२३४ म्हणजे अति बूस्ट. पी०२३६ बूस्ट सेन्सरच्या अविश्वसनीय वाचनाबद्दल, तर पी०२४३ आणि पी००४५ सोलेनॉइडच्या विद्युत परिपथाबद्दल असतात. संकेत फक्त लक्षण नोंदवतो. पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलणे हे महागडे अनुमान ठरू शकते. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपचा सैल क्लॅम्प, तुंबलेला एअर फिल्टर, काजळीने जाम झालेली पाती किंवा चोंदलेला एक्झॉस्ट यांपैकी कशानेही तो उमटतो.

निदानाचा क्रम : (१) इग्निशन चालू, एंजिन बंद अशा स्थितीत बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. उदा., नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर असल्याने तेथे तो सु. ९७ ते ९८ किलोपास्कल असतो आणि भर उन्हाळ्यात किंचित उतरतो. मुंबईत तो सु. १०१, तर महाबळेश्वरला सु. ८६ असतो. नागपुरात ९७ हे वाचन पाहून सेन्सर बाद ठरवू नये. एंजिन बंद असताना १२० दिसले, तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयास्पद ठरते. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो. त्यावर २१० दिसले तर नागपुरातील खरा बूस्ट सु. ११३ किलोपास्कल धरावा.

(२) रस्त्यावर भार देऊन मागितलेला व मिळालेला दाब एकाच वेळी नोंदवावा. मागणी कायम असून मिळकत कमी असेल तर गळती, अडथळा किंवा अ‍ॅक्चुएटरचा दोष शोधावा. मागणीच खाली आली असेल तर ईसीयूने एंजिन वाचवण्यासाठी बूस्ट कमी केलेला असतो. तेव्हा इनटेक हवेचे तापमान, कूलंट व इतर संकेत पाहावेत.

(३) इंटरकूलर व पाइपांत धूर किंवा नियंत्रित कमी दाबाची हवा सोडून गळती शोधावी. जोडावरचा ताजा तेलकट डाग ही उपयोगी खूण असते. पाइपात तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे, त्यावरून टर्बो गेला असे होत नाही.

(४) व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्चुएटर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून पाहावा. दांडा अडखळत सरकला तर पाती किंवा झडप जाम आहे. व्हॅक्यूम टिकत नसेल तर डायफ्रॅम फाटलेला असतो.

(५) सोलेनॉइडचा रोध थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत मोजावा. तांब्याच्या तारेचा रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०.४ टक्क्याने वाढतो. २०° से. तापमानाला २० ओहम असलेली कॉइल ९०° से. तापमानाला सु. २५ ओहम दाखवते, तो दोष नव्हे. गरम झाल्यावर परिपथ पूर्णच तुटत असेल तर कॉइल बदलावी लागते. परिपथ तुटत नसेल तर कनेक्टरची गंजलेली पिन व वायरचा जोड तपासावा.

नागपूरची परिस्थिती : येथे मे महिन्यात, विशेषतः नवतपात (मेअखेरीस सुरू होणाऱ्या नऊ तप्त दिवसांत), तापमान ४५° से.च्या पुढे जाते. १०° से. तापमानाच्या हिवाळी सकाळच्या तुलनेत ४५° से. तापमानाची हवा सु. ११ टक्के विरळ असते. त्यामुळे तोच दाब असूनही एंजिनात कमी ऑक्सिजन जातो आणि सुस्थितीतील गाडीही ढिली वाटते. उष्णतेने रबरी होज कडक होऊन तडकतात. धुळीने इंटरकूलरच्या जाळ्या व फिल्टर तुंबतात. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या छोट्या फेऱ्यांमुळे डिझेल गाड्यांत काजळी साचून व्हीजीटीची पाती अडकतात.

याउलट ७०१ किमी. लांबीच्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर दीर्घकाळ सलग वेगाने गाडी चालते. शहरात न जाणवणारी बारीक गळती किंवा चोंदलेला एक्झॉस्ट अशा सततच्या भाराखाली उघड होतो. या महामार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी. आहे. चाचणीसाठी ती ओलांडण्याची गरज नसते, वरच्या गिअरमध्ये कमी वेगापासून जोर दिला तरी बूस्टची नोंद मिळते.

दक्षता व खातरजमा : टर्बाइनकडील भाग अतितप्त असल्याने तपासणी एंजिन थंड करून करावी. अति बूस्टचा संकेत असताना जोराने गाडी चालवू नये, कारण त्यामुळे पिस्टन व हेड गॅस्केट धोक्यात येतात. वेस्टगेटचा दांडा आवळून बूस्ट वाढवणे ही दुरुस्ती नव्हे, त्याने मूळ दोष झाकला जातो. दुरुस्तीनंतर संकेत पुसून तीच भारचाचणी पुन्हा घ्यावी. मागितलेल्या व मिळालेल्या दाबाच्या रेषा एकमेकींना धरून चालू लागल्या तरच काम पूर्ण झाले असे समजावे. केवळ खूण विझणे हा त्याचा पुरावा नाही, कारण संकेत पुसल्यावर ती दोष असतानाही काही काळ विझलेलीच राहते.